तळातला भुरा केस

थोरलीला लोक मास्तरीण समजत आणि धाकटीला मोलकरीण. खरं म्हणजे थोरली चौथीतून शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलेली आणि धाकटी तीस वर्षं दवाखान्यात नर्स, त्यातली शेवटची नऊ हेडनर्स. पण लोकांना डोळे असतात ते रंग बघण्यापुरतेच. थोरली बापावर गेली होती. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, लहानपणी केसही भुरे. धाकटी आईवर. काळी, रुंद नाकाची, राठ केसांची, लांबून कुणीही ओळखावं की ही डोंगरवाली. दोघी बाजारात शेजारी उभ्या राहिल्या की दुकानदार थोरलीला विचारी, "ही तुमच्याकडे कामाला असते का हो?"

"हो ना," थोरली म्हणे. "माझ्या आईने ठेवलीय. जन्मापासून."

धाकटी हसत नसे. तिला हा विनोद साठ वर्षांत एकदाही आवडला नव्हता आणि थोरलीने तो साठ वर्षांत एकदाही सोडला नव्हता.

बाप शहरातला, रस्त्याच्या कामावरचा मुकादम. डोंगरात रस्ता न्यायला म्हणून गेला आणि तिथली बायको घेऊन खाली आला. रस्ता पुढे दोनदा वाहून गेला, बायको टिकली. शहरातल्या लोकांनी तिला कधी आपली म्हटलं नाही आणि डोंगरातल्यांनी तिच्या पोरींना. त्यातही धाकटीला निदान जवळ बसवून घेत. थोरली दिसली की मामेभावंडं ओरडत, "पांढरी आली, पांढरी आली." सात वर्षांच्या थोरलीने एकाच्या दंडाला असा चावा घेतला होता की त्याचा वण तो म्हातारा होईस्तोवर मिरवत होता.

आता त्यातलं कुणी फारसं उरलं नव्हतं. आई उरली होती. थोरलीच्या घराला पुढे शिवणकामाची खोली, तिथे शाळेच्या गणवेशांच्या चळती, आणि मागे अंधारी खोली, तिथे खिडकीखाली आईची खाट. आईचे डोळे जाऊन दहा वर्षं झाली होती. थंडी सुरू झाल्यापासून डोकंही कधी ताळ्यावर असे, कधी नसे. ऐकलेल्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. दोघी पोरींचा आवाज बापाचा, जाडा, तिला तो वेगळा करता येईना. मग ती हात पुढे करी आणि बोटांनी चाचपून ठरवी. अंगठ्यावर सुईचे घट्टे लागले तर थोरली. नखं बारीक कापलेली आणि साबणाचा वास आला तर धाकटी. बोटांनी सांगितलं ते खरं.

आणि या थंडीत तिने एकच धोशा लावला होता. "माझी टोपली आणा."

ही टोपली म्हणजे काही भाजीची टोपली नव्हे. डोंगरातल्या बाईला पहिलं मूल झालं की ती एक लहानशी टोपली विणायला घेते, दोन ओंजळी मावतील एवढी. मुलाचे पहिले केस कापले की त्याची बारीक वेणी करून तळात गोल फिरवून गुंफायची. दुसरं मूल झालं की त्याच्याबाहेर दुसरं कडं. हे काम आईनेच करायचं, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. मूल मेलं तर तिनेच त्याचं कडं उपसून काढायचं आणि त्याच्याबरोबर मातीत द्यायचं, जागा मोकळी ठेवायची. आणि बाई स्वतः गेली की टोपली तिच्या उशाखाली. "तिकडे गेल्यावर माझी आई विचारील, किती पोरं मागे ठेवून आलीस," आई सांगे. "तिलाही डोळे नव्हते शेवटी. तिच्या हातात टोपली दिली की तिला कळेल."

आईच्या टोपलीच्या तळात दोन कडी होती. आतलं भुरं, बाहेरचं काळं.

ती टोपली बापाने एका मोठ्या साहेबाला भेट दिली होती. साहेब जुन्या वस्तू जमवायचा आणि बापाला बढती हवी होती. आईला न विचारता खुंटीवरून काढली आणि कागदात गुंडाळून नेली. आई त्याच्याशी एक वर्ष बोलली नाही. बढती मिळाली नाही ती नाहीच. पन्नास वर्षांनी ती टोपली धाकटीला दिसली ती दवाखान्यातल्या भिंतीवर, संग्रहालयाच्या कॅलेंडरवर. काठाला चुलीचा चटका लागून पडलेला करपट डाग, अगदी तोच. खाली छापलं होतं, कारागीर अज्ञात.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अज्ञात? मागच्या खोलीत खोकतेय ती, तिला विचारा म्हणावं." दुसऱ्याच दिवशी इस्त्रीची साडी नेसून ती संग्रहालयात हजर.

दारावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. "या मॅडम." आत वस्तूंची जबाबदारी असलेली अधिकारी बाई होती, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, बोलणं गोड. तिने खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "आपण संशोधन करता का?"

"मी गणवेश शिवते," थोरली म्हणाली. "आणि ती टोपली माझ्या आईची आहे."

अधिकारी बाईचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. "म्हणजे आपल्या आईंनी जमवलेली?"

"जमवलेली नाही, विणलेली. माझी आई डोंगरातली आहे."

"अच्छा." बाईंनी थोरलीला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. "रागावू नका हं, पण आपण तशा वाटत नाही. दत्तक वगैरे...?"

"दत्तक घ्यायला मी काय रस्त्यावर सापडले होते? मी तिच्या पोटची. त्या टोपलीच्या तळात भुरं कडं आहे ना, ते माझे केस आहेत."

बाईंनी कपाटातून एक फाईल काढली. त्यात लिहिलं होतं की तळात दोन कडी असून काळं कडं मानवी केसांचं, परंपरेनुसार, आणि भुरं कडं बाहेरच्या कुठल्यातरी धाग्याचं, बहुधा नंतर घातलेलं. म्हणून तर टोपली काचेच्या कपाटातून काढून कोठीत ठेवली होती. भेसळीची वस्तू मांडता येत नाही.

"डोंगरातल्या लोकांचे केस काळेच असतात," अधिकारी बाई समजावून सांगावं तशी म्हणाली.

"माझे आता पांढरे झालेत. मग मी कुठली, ढगातली?"

बाई हसली नाही. तिने नियम सांगितला. वस्तू परत मिळू शकते, आजकाल देतात, पण ती त्या समाजाच्या घरात जायला हवी आणि वस्तू अस्सल असायला हवी. "आपल्या ओळखीत त्यांच्यातलं कुणी असेल तर त्यांना पाठवा."

त्यांच्यातलं कुणी. थोरली घरी आली ती तणतणत. मशीनवर बसली आणि एका शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडून बसली. संध्याकाळी धाकटी आईला आंघोळ घालायला आली तेव्हा थोरली उसवत होती.

"तू चल," थोरली म्हणाली. "त्यांना चेहरा हवाय, तो तुझ्याकडे आहे."

"आणि बोलायचं काय? मला त्यातलं काही येत नाही. तूच आईजवळ बसून सगळं शिकलीस."

"बोलायचं काही नाही. ती बया जे म्हणेल त्याला हो म्हणायचं. वाद घालायचा नाही, आपलं शहाणपण दाखवायचं नाही. टोपली पदरात पडू दे, मग तिची काय ती हजेरी मी घेते."

मागच्या खोलीतून आई म्हणाली, "आली का?"

"येतेय गं," दोघी एकदम म्हणाल्या.

दोघी गेल्या. दारावर तोच पहारेकरी. थोरलीला म्हणाला, "या मॅडम," आणि धाकटीपुढे काठी आडवी धरली. "ए मावशी, पिशवी दाखव. आत काय आहे?" पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली आणि आईच्या गोळ्यांचा डबा. त्याने डबा उघडून वास घेतला. धाकटी उभी होती, दवाखान्यात शिकलेली सगळी स्थिरता चेहऱ्यावर आणून. थोरली काही बोलायला गेली तर धाकटीने तिचा दंड दाबला. "राहू दे. तुला नवीन असेल."

आत मात्र चित्र पालटलं. धाकटीला बघताच अधिकारी बाई खुर्चीतून उठली, दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. "किती आनंद झाला. कालपासून वाट बघतेय." मग थोरलीकडे वळून, "आपण यांना घेऊन आलात, फार उपकार झाले. जरा बाहेर बसाल? हे घरच्यांशीच बोलायचं असतं."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने तोंड उघडलं, मिटलं. तिला सांगितलं होतं, हो म्हणायचं.

थोरली बाहेर बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर डोंगरातल्या बायकांचे मोठमोठे फोटो होते, सगळ्या धाकटीसारख्या, एकही तिच्यासारखी नाही. अर्धा तास ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि त्या तिच्याकडे.

धाकटी बाहेर आली ती भराभर चालत. "देणार आहेत. आठवड्यात. माझा फोटो काढला."

"आणखी काय विचारलं?"

"असंच. फॉर्म होता. चल ना, आईला एकटं ठेवलंय."

थोरलीला इतकी वर्षं कपडे बेतण्याची सवय, कापड कुठे कमी पडतंय ते तिला लांबून कळतं. त्या दिवशी कळलं नाही. टोपली मिळणार या आनंदात ती रस्ताभर पहारेकऱ्याची नक्कल करत आली.

आठ दिवसांनी धाकटीने खोकं आणलं. पुठ्ठ्याचं, आत पांढरा मऊ कागद. शिवणाच्या टेबलावर गणवेश बाजूला सारून थोरलीने टोपली उचलली. ती आठवणीतल्यापेक्षा लहान होती, काठाचा डाग मात्र तेवढाच. तिने ती उलटी केली.

तळात एकच कडं होतं. काळं. आतल्या बाजूला गोल मोकळी जागा, स्वच्छ पुसलेली.

मशीनवर कापड नव्हतं, तरी थोरलीचा पाय पायट्यावर हलत राहिला.

"काय सांगितलंस तिला?"

धाकटी खोक्यातला कागद घडी घालत बसली. "ती म्हणाली, भुरा धागा नंतर कुणी घातला असेल तर अडचण नाही, मग वस्तू मूळची धरता येते. मी म्हटलं, असेल."

"असेल?"

"तूच म्हणालीस, हो म्हण. मला वाटलं कागदावर लिहितील. काढून टाकतील असं मला काय ठाऊक? त्यांनी साफ करून दिलीय. ती म्हणत होती, आता कशी मुळात होती तशी दिसते."

"माझे केस होते ते, भवाने."

"मला माहीत नाही?" धाकटीचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो क्वचित चढला होता. "ताई, जन्मभर तुझ्या चेहऱ्यापुढे मी मोलकरीण झाले. पेशंट मरायला टेकलेला असायचा तरी म्हणायचा, आधी नर्सला बोलव, तू फरशी पूस. पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी खुर्चीतून उठलं. पहिल्यांदा या थोबाडाचा घरात उपयोग झाला. तेव्हा माझं डोकं नाही चाललं. झालं समाधान?"

थोरलीने टोपली सुलटी करून टेबलावर ठेवली.

मागून आई म्हणाली, "कागद वाजतोय. आली का?"

म्हातारीला काय सांगणार? हरवली म्हणून? आठवडाभर तिने उशी हलवून जागा करून ठेवली होती.

"थांब आई," थोरली ओरडली, "पुसून आणते."

तिने डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला, आणि कात्रीने मानेपासून एक बट कापली. पांढरी शुभ्र, म्हातारपणाची, तारेसारखी. तिची बारीक वेणी घातली. बोथट सुईत ओवली आणि मोकळ्या जागेत, आईने जसं घातलं होतं तसंच, एकाआड एक काडीखालून फिरवू लागली. दुसऱ्याचा हात चालत नाही हे तिला ठाऊक होतं. धाकटीने दिवा जवळ धरला. अर्ध्या तासात कडं पुरं झालं. काम असं बेमालूम, की संग्रहालयाच्या सगळ्या तज्ज्ञांनी एकमेकांच्या डोक्यावर उभं राहून पाहिलं असतं तरी चूक सापडली नसती.

आईला उठवून बसवलं, मागे उशा लावल्या. टोपली हातात आली तशी म्हातारीचा चेहरा सैल झाला. तिने काठ चाचपला, डागाशी थांबली. "चुलीशी भाजली होती ही तेव्हा. धाकटी रांगत होती." मग हात आत घातला. बाहेरच्या कड्यावरून बोट फिरवलं. "ही धाकटी. राठ, हट्टी." धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मग बोट आत सरकलं.

थांबलं. परत फिरलं. तिसऱ्यांदा फिरलं.

"हे कुणाचं?"

"थोरलीचं, आई. माझं."

"माझ्या थोरलीचे केस उंदराच्या पिल्लासारखे मऊ. हे कुणा म्हातारीचे आहेत." तिने नखाने वेणीचं टोक उचकटलं. "माझ्या पोरीच्या जागी कुणी म्हातारी आणून बसवली?"

"आई, मीच म्हातारी झालेय. हा बघ माझा अंगठा, हे बघ घट्टे." थोरलीने तिचा हात ओढून आपल्या अंगठ्यावर ठेवला. आईने चाचपलं, क्षणभर वाटलं पटलं. मग तिने हात सोडवून घेतला आणि पुन्हा टोपलीत घातला. घट्टे कुणालाही पडतात. तिने स्वतः गुंफलेलं कडं तिथे नव्हतं, आणि ते का नसतं हे तिला आईने, तिच्या आईने, तिच्याही आईने शिकवलं होतं. पांढरी वेणी तिने हळूहळू उपसून काढली आणि पांघरुणावर ठेवून दिली. मोकळ्या जागेवर बोट टेकलं.

"कधी गेली?" तिने विचारलं. "मला सांगितलं का नाही?"

"आई, अगं मी इथे आहे."

"तू भली बाई आहेस," आई म्हणाली. "आवाजही तिच्यासारखा काढतेस. पण मला फसवू नको. माझी थोरली गेली. माझ्याआधी गेली."

ती मोठ्याने रडली नाही. तिच्या लोकांत पोटचं मूल गेलं की बाई भिंतीकडे तोंड करून पडते, तशी ती वळली. धाकटीने सांगून पाहिलं, शपथा घेतल्या, थोरलीला खाटेवर बसवून तिचं नाक, कान, हनुवटी आईच्या हाताला लावली. आई म्हणाली, "शेजारणीला चहा द्या. बिचारी केव्हाची बसलीय." जिने संग्रहालयात अख्खी फाईल परतवून लावली असती, ती बाई आपल्याच घरात, आपल्याच आईच्या खाटेवर शेजारीण होऊन बसून राहिली.

सकाळी धाकटी कुणाला न सांगता गेली. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली तेव्हा म्हणे तिने ती हातातून काढून घेतली आणि भिंतीशी उभी केली, वॉर्डात सलाईनचा स्टँड हलवावा तशी. भुरा केस द्या, म्हणाली. अधिकारी बाई म्हणाली, तो वेगळा नोंदवलाय, अर्ज करावा लागेल. धाकटी खुर्चीवर बसली. "मी इथेच बसते. तुम्ही मला बघून उठला होतात ना? आता बसा, आणि लिहा." चार तास बसली. शेवटी बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून तो केस तिच्या हाती ठेवला, सही घेऊन.

ती घरी पोचली तेव्हा थोरली दारात उभी होती, अंबाडा न घातलेला. हात पुढे न करता तिने नुसती मान हलवली. आई तासाभरापूर्वी गेली होती, भिंतीकडे तोंड करूनच.

डोंगरातून तिघं चौघं नातेवाईक आले. बायकांनी धाकटीला मिठीत घेतलं, तिच्याबरोबर रडल्या. थोरलीला एकाने खुर्ची आणून दिली. "बसा मॅडम, तुम्ही उभ्या का." दंडावर वण असलेला मामेभाऊ त्यांच्यात होता. त्याने पाहिलं, ओळखलं, आणि मान खाली घातली.

पुडी धाकटीच्या मुठीत होती. "घालू का?" तिने हळूच विचारलं. "कुणाला कळणार आहे?"

"आईला कळेल," थोरली म्हणाली. "आईनेच घालायचं असतं. मी एकदा घालून पाहिलं." टोपली एका कड्यानिशीच उशाखाली गेली. तिकडे तिच्या आईने विचारलं असेल, किती? आणि हिने सांगितलं असेल, एक.

माणसं गेल्यावर थोरली मशीनवर बसली. शाळेचे शर्ट राहिले होते. धाकटीने पुडी तिच्यापुढे ठेवली. आतला केस अजून भुराच होता, सोनेरीकडे झुकलेला, साठ वर्षांत एक दिवसही म्हातारा न झालेला. पुडीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. थोरलीने चष्मा लावून, चौथीतल्या पोरीसारखं बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं.

"बाह्य पदार्थ. म्हणजे काय गं?"

धाकटीने तोंड फिरवलं. "बाहेरची वस्तू."

"अस्सं," थोरली म्हणाली. तिने मशीनचा खण उघडला, पुडी बॉबिनींच्या मागे सारली, सुटी बटणं पुढे ओढली आणि खण लावून टाकला. मग शर्टाची बाही घेतली, कुठली उजवी आणि कुठली डावी ते दोनदा पाहून घेतलं, आणि पायटा हलवला.